देठ आणि व्रण : स्तनोन्नयनाच्या शस्त्रकलेचा पूर्वेतिहास

सवाई माधवरावांच्या अमदानीत, टिपूवरील तिसऱ्या मोहिमेचा तह होऊन फौजा परतल्यावर, पुण्याच्या आसपास एक असे शल्यकर्म घडले की ज्याची हकीकत पुढे विलायतेपर्यंत गेली आणि ज्याचे परिणाम आजच्या अद्ययावत शस्त्रक्रियागृहातही जाणवतात. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. आणि वर्षभराहून अधिक काळ त्या विद्रूप अवस्थेत काढल्यानंतर पुण्याजवळ वीटकामाचा पिढीजात धंदा करणाऱ्या जातीतील एका कसबी माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्याच्या नोकरीतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी हे कर्म पाहिले, पेशव्यांच्या दरबारची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीची तसबीर रेखाटली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही सारी कैफियत चित्रासह छापली.

त्या कैफियतीतील तपशील आजही थक्क करणारा आहे. त्या कारागिराने प्रथम मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या थोटकावर बेताने बसवून पाहिला. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेषा आखून तेवढी त्वचा सोडवून घेतली. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध त्वचेची एक अरुंद पट्टी मुद्दाम न कापता राखली. तो सोडविलेला पडदा पिळून खाली वळविला, नाकाच्या जागी खाचेत बसविला, आणि त्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या कापडी पट्ट्या ठेवल्या. चार दिवस काताशिवाय दुसरे काही लावले नाही. त्यानंतर तुपात भिजविलेली फडकी आली. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवून ठेवले. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नव्या जागेने पडद्याला आपलेसे केले अशी खात्री पटल्यावर, भुवयांमधली ती पट्टी छेदली.

भुवयांमधली ती बोटभर पट्टी हेच या साऱ्या विद्येचे मर्म आहे. शरीरापासून सर्वस्वी तोडलेला जाड मांसखंड जगत नाही, परंतु एखाद्या अरुंद देठाने का होईना, त्याचा रक्ताशी संबंध राखला तर तो वळविता येतो, हलविता येतो आणि नव्या जागी रुजविता येतो, हे ज्ञान सुश्रुतसंहितेतील नासासंधानाच्या विधीत गालाच्या त्वचेसंबंधाने आलेले आहे. आणि ग्रंथ ज्यांच्या हाती कधी पडला नसेल अशा कारागिरांच्या घराण्यांतून ते हातोहात पुण्यापर्यंत टिकून राहिले, ही आपल्या मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने या वृत्तान्तावर चिंतन करून १८१४ मध्ये तीच रीत प्रत्यक्षात आणली व १८१६ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. पाठोपाठ जर्मनीत फॉन ग्रेफेने ती उचलली. आणि युरोपात शरीराच्या दुरुस्तीचे एक नवे शास्त्र उभे राहिले. आज ज्या शस्त्रक्रियेला सर्वत्र ‘ब्रेस्ट लिफ्ट’ म्हणतात, म्हणजे ओघळलेला स्तन उचलून पूर्वस्थानी बसविणे, तिचा इतिहास या शास्त्राच्या उत्तरभागात येतो. त्या शस्त्रक्रियेपासून काय मिळेल व काय मिळणार नाही, याचा खरा निवाडा या इतिहासानेच दिलेला असल्यामुळे, तिच्या वाटेला जाऊ पाहणाऱ्या स्त्रीने तो जाणून घेणे मला अगत्याचे वाटते.

नाक आणि स्तन यांत मोठा भेद आहे. नाकाला हाडाचा व कूर्चेचा आधार असतो. स्तनाला असा कोणताही सांगाडा नाही. दुसऱ्या फासळीपासून सहाव्या फासळीपर्यंतच्या भागावर, छातीच्या मोठ्या स्नायूवर तो विसावलेला असतो, परंतु त्याच्या आत स्वतःला उचलून धरणारा स्नायू मुळीच नसतो. दूधग्रंथी, चरबी आणि त्यांच्यामधून त्वचेकडे जाणारे तंतूंचे बंध एवढाच त्याचा संसार. या बंधांचे सविस्तर वर्णन इंग्रज शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर याने १८४० च्या आपल्या ग्रंथात केले, म्हणून ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. वयाबरोबर, गरोदरपणी होणाऱ्या वाढीमुळे व नंतरच्या आकुंचनामुळे, शरीराचे वजन वाढण्या-घटण्यामुळे हे बंध लांबतात, त्वचेची लवचिकता जाते, आणि स्तन खाली उतरतो. व्यायामाने छातीचा स्नायू बळकट होईल, पण लांबलेली त्वचा व ताणलेले तंतू त्याने पूर्ववत होत नाहीत.

येथे एका रूढ समजुतीचे निराकरण केले पाहिजे. मूल अंगावर पाजल्याने छाती ओघळते, असे आपल्याकडे घरोघरी बोलले जाते, आणि त्या भयाने कित्येक तरुण मातांनी बाळाचे दूध लवकर तोडल्याचीही उदाहरणे आढळतात. अलीकडच्या अभ्यासांतून गर्भारपणांची संख्या, वय, शरीराचे वजन आणि धूम्रपान या गोष्टींचा ओघळण्याशी संबंध स्पष्ट दिसून आला. स्तनपान हे त्याचे स्वतंत्र कारण असल्याचे दिसले नाही. गर्भधारणेच्या काळातच जो बदल व्हायचा तो होऊन चुकलेला असतो. त्याचा दोष बाळाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या अवयवावर केवळ रूपासाठी शस्त्र चालविण्याचा विचार कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. भुलीवाचून छातीवर शस्त्र घेणे ही यातनेची परिसीमा होती, आणि त्यातून वाचलेल्यांना जखमा पिकून येणारा ज्वर गाठीत असे. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरच्या भुलीचा यशस्वी प्रयोग झाला आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धतीची मांडणी केली, तेव्हा कोठे शस्त्रवैद्याला जीव वाचविण्याच्या पलीकडे पाहण्याची उसंत मिळाली. न्यूयॉर्कच्या गेलर्ड टॉमस याने १८८२ मध्ये स्तनातील साध्या गाठी काढताना छेद समोर न घेता स्तनाखालच्या घडीत घेण्याची रीत सांगितली. व्रण कोठे पडेल, तो कोणाच्या नजरेस येईल, आणि त्या स्त्रीला तो जन्मभर वागवावा लागणार आहे, हा विचार छेद घेण्यापूर्वी करणे हे त्या रीतीचे खरे महत्त्व होय.

१८९७ मध्ये बोर्दो येथील पूसों याने अतिशय जड व लोंबणाऱ्या स्तनांवर उपाय म्हणून त्यांच्या वरच्या भागातील त्वचेचा व चरबीचा चंद्रकोरीसारखा तुकडा काढून उरलेला भाग छातीच्या स्नायूवरील आवरणास टाक्यांनी बांधला. पुढील वर्षी व्हेर्शेरने काखेच्या बाजूने तसाच प्रयत्न केला. १९१० मध्ये जिरारने तर ग्रंथी थेट दुसऱ्या फासळीलाच टांगली. या सर्व प्रयत्नांमागील कल्पना सरळ होती : जे खाली आले आहे ते वर ओढावे आणि वर बांधून ठेवावे. परंतु देह म्हणजे भिंत नव्हे आणि टाका म्हणजे खुंटी नव्हे. बांधलेले टाके मऊ चरबीतून हळूहळू कापत जात, त्वचा पुन्हा ताणली जाई, आणि समोरच्या बाजूस पडलेला व्रण मात्र कायम राही. निव्वळ ओढून-बांधून हे काम होणार नाही, हा या विद्येने घेतलेला पहिला धडा होता.

त्याच काळात पॅरिस येथे इप्पोलित मोरेस्तँ नावाचा एक असामान्य शस्त्रवैद्य कार्यरत होता. मार्टिनिक बेटात जन्मलेल्या या पुरुषाने स्तनाच्या तळाशी, घडीआडून, चकतीच्या आकाराचा भाग काढून व्रण लपविण्याची पद्धत शोधली. आणि पहिल्या महायुद्धात व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात तोफगोळ्यांनी विद्रूप झालेल्या सैनिकांचे चेहरे पुन्हा घडविले. त्याचे काम पाहूनच हॅरल्ड गिलिस याला या विद्येचा ध्यास लागला, असे सांगतात. आणि याच गिलिसने पुढे इंग्लंडात सिडकप येथे जखमी सैनिकांसाठी जे रुग्णालय चालविले, त्यातून आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीची घडण झाली. सैनिकाचा फुटलेला जबडा आणि स्त्रीचा ओघळलेला स्तन यांचे शिल्प एकाच हातांनी केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे एकाला सेवा व दुसऱ्याला चैन ठरविण्याची जी प्रवृत्ती निर्माण झाली, तिला या इतिहासात आधार सापडत नाही.

मोरेस्तँच्या हाताखाली तयार झालेल्या सुझान नोएल या बाईंनी तर ही बाब तोंडावर सांगितली. स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी झगडणाऱ्या, पॅरिसमध्ये १९२४ साली सोरॉप्टिमिस्ट या स्त्रीसंघटनेची शाखा उभारणाऱ्या या शस्त्रवैद्य बाईंनी १९२६ मध्ये सौंदर्यशल्याच्या सामाजिक कार्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्याच स्त्रिया रिकामटेकड्या श्रीमंतीतल्या नव्हत्या. दुकानांत, कचेऱ्यांत, रंगभूमीवर पोट भरणाऱ्या स्त्रियांना वयाची खूण दिसू लागताच कामावरून काढले जाई, आणि त्या भाकरीसाठी नोएलबाईंच्या दारी येत. एखाद्या स्त्रीने आपल्या देहासाठी शस्त्रवैद्याकडे जावे की नाही, याचा न्याय तिच्या परिस्थितीपासून अलग करून देता येत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

यानंतरचा अध्याय व्हिएन्नाचा, आणि तो सर्वांत क्लेशदायक असला तरी सर्वांत फलदायी आहे. १९२८ मध्ये तेथील बीझेनबेर्गर याने त्वचा ग्रंथीपासून सर्व बाजूंनी सोडवून घेण्याची, ग्रंथीचा बाहेरील भाग काढून उरलेला भाग फिरवून शंकूसारखा रचण्याची आणि मग त्यावर त्वचेची नवी खोळ चढविण्याची पद्धत प्रसृत केली. आकार सुरेख येत असे, त्यामुळे ती झपाट्याने लोकप्रिय झाली आणि काही दशके टिकली. परंतु त्वचेला व ग्रंथीला परस्परांकडून मिळणारे रक्त या सोडवणुकीत तुटत असल्यामुळे कित्येक स्त्रियांची त्वचा काळवंडून सडली, कित्येकींची स्तनाग्रे गेली. याच शहरात १९३० मध्ये श्वार्ट्समान याने दाखवून दिले की स्तनाग्राचे रक्त मुख्यतः त्याच्याभोवतीच्या त्वचेच्या खालच्या थरातून येते; म्हणून स्तनमंडलाभोवतीची, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळालगतची, सर्व त्वचा कापून न टाकता तिचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा तासून काढावा, आणि खालचा जिवंत थर शाबूत राखून स्तनाग्र त्याच्या आधारे नव्या जागी सरकवावे.

भुवयांमधली ती पट्टी आणि स्तनमंडलाभोवतीचा हा थर यांतील नाते कोणाच्याही ध्यानात येईल. पुण्याच्या कारागिराने काय राखायचे हे आधी ठरविले आणि काय कापायचे हे नंतर. व्हिएन्नात अनेक स्त्रियांच्या हानीनंतर तोच क्रम पुन्हा प्रस्थापित झाला. श्वार्ट्समाननंतरची स्तनोन्नयनाची प्रत्येक मान्य पद्धत मुळात एकच प्रश्न सोडवते : स्तनाग्राचा देठ कोणत्या बाजूने राखावा? स्वीडनच्या स्ट्रॉम्बेकने १९६० मध्ये तो आडवा, दोन्ही अंगांनी राखला. मॅककिसॉकने १९७२ मध्ये उभा राखला. सत्तरीच्या दशकातच खालून येणाऱ्या देठाची रीत रुजली. पुढे वरचा व वरून आतल्या अंगाने येणारा देठ मान्यता पावले. छातीच्या मध्यास्थीलगत, काखेकडून आणि फासळ्यांमधून अशा तीन वाटांनी स्तनाला रक्त येते, म्हणून देठाची दिशा निवडण्याची ही मुभा शस्त्रवैद्याला मिळते.

देठाचा प्रश्न असा सुटत असताना त्वचेचा आकार कसा बेतावा, हा दुसरा प्रश्न उरला होता. अमेरिकेतील रॉबर्ट वाइज याने १९५६ मध्ये बाजारात मिळणाऱ्या काचोळ्यांच्या बेतावरून, म्हणजे शिंप्याने सपाट कापडातून उभार कसा साधला आहे हे पाहून, त्वचेवर आखण्याचा एक नमुना तयार केला. छाती मापून चोळी बेतणाऱ्या कोणत्याही शिंपिणीला त्यातील तत्त्व तत्काळ उमगेल : सपाट वस्तूतून गोलाई हवी असेल तर कोठेतरी टीप घालावीच लागते. त्या नमुन्याने निकाल पूर्वसूचित करता येऊ लागला. परंतु किंमत म्हणून स्तनमंडलाभोवती, तेथून खाली सरळ आणि घडीत आडवा असा उलट्या ‘टी’च्या आकाराचा व्रण आला.

याच सुमारास, १९५५ मध्ये, जोहान्सबर्गच्या जॅक पेन याने दीडशे स्त्रियांची मापे घेऊन त्यांतील वीस जणींची छाती सौंदर्यदृष्ट्या परिपूर्ण ठरविली आणि गळ्याखालच्या खळीपासून स्तनाग्रापर्यंत सुमारे २१ सेंटिमीटर हे अंतर काढले. ही संख्या पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ फिरत राहिली. वीस स्त्रियांच्या मापाने साऱ्या जगातील स्त्रियांची छाती तोलणे मला सर्वथा अमान्य आहे. उंची, बांधा, खांद्यांची रुंदी, वय यांनी प्रत्येक देहाचे प्रमाण निराळे होते. आणि शस्त्रवैद्याने फीत लावावी ती त्या एका स्त्रीच्या स्वतःच्या देहाशी मेळ साधण्यासाठी.

या विद्येला तिच्या परिपक्व अवस्थेत आणण्यात स्त्री-शस्त्रवैद्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. कॅनडातील पोल रेन्यो या बाईंनी १९७६ मध्ये ओघळण्याच्या पायऱ्या निश्चित केल्या. स्तनाखालच्या घडीच्या पातळीत स्तनाग्र आले असेल तर पहिली, त्या पातळीच्या खाली गेले असेल तर दुसरी, आणि स्तनाच्या अगदी तळाशी जमिनीकडे वळले असेल तर तिसरी. आरशासमोर सरळ उभे राहून कोणत्याही स्त्रीला आपली पायरी ओळखता यावी, इतकी ही व्यवस्था सुबोध आहे. फ्रान्समधील लासूसने आडवा व्रण टाळून केवळ उभा ठेवण्याचा जो प्रयत्न आरंभिला होता, त्याला ब्रुसेल्सच्या माडेलेन लेजूर यांनी १९९० च्या सुमारास व्यवस्थित रूप दिले. आणि कॅनडातील एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९९ मध्ये ती पद्धत इतकी सुलभ केली की ती जगभर शिकविता येऊ लागली. नव्वदीतच बेनेलीने फक्त स्तनमंडलाभोवती व्रण ठेवून कायमच्या दोऱ्याने तो आवळण्याची रीत सांगितली. मात्र ती सौम्य ओघळावरच शोभते, अधिक भार पडला तर स्तन चपटा होतो व मंडल रुंदावते. वर्तुळाकार व्रण, वर्तुळ व उभा व्रण, आणि उलटा ‘टी’ : आजच्या स्त्रीसमोर येणारे तीन पर्याय हे असे शंभर वर्षांच्या शोधातून आले आहेत.

या नव्या रूपातील विद्या स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे परत आली, ती सौंदर्यासाठी नव्हे. नागपुरात डॉ. सी. बालकृष्णन यांनी, आणि इंग्लंडात शिकून आल्यावर प्रथम पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात व नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी, दुभंगलेले ओठ, स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या स्त्रियांचे आखडलेले गळे, कुष्ठाने वाकलेली बोटे यांवर ही कला खर्ची घातली. कर्करोगासाठीचे टाटा स्मारक रुग्णालय तर परळला १९४१ मध्येच उघडले होते. कर्करोगावरील शस्त्रक्रियेचे स्वरूप पुढे जसजसे सौम्य होत गेले, तसतसे स्तन सर्वस्वी न काढता गाठीपुरता भाग काढून उरलेला स्तन याच उन्नयनाच्या आखणीने पुन्हा रचण्याची आणि दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून निरोगी बाजूचाही स्तन उचलण्याची रीत जगभर रूढ झाली. केवळ नटव्यांची म्हणून जिची हेटाळणी होई, ती आखणी आज कर्करोगातून उठलेल्या स्त्रीला साडीचा पदर निःशंकपणे घेता यावा म्हणून कामी येते.

आता या इतिहासाच्या प्रकाशात, ही शस्त्रक्रिया करवून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने काय अपेक्षावे, ते स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

प्रथम तिने हे जाणावे की उन्नयनाने स्तनाचे स्थान व आकार बदलतो, आकारमान वाढत नाही; उलट सैल त्वचा गेल्यामुळे तो किंचित लहान भासतो. वरच्या भागात भरीवपणा हवा असेल तर त्यासाठी कृत्रिम रोपण किंवा स्वतःची चरबी हे निराळे उपाय आहेत, त्यांचे धोके व हिशेब निराळे आहेत, आणि एकाच्या नावाखाली दुसरे गळ्यात पडू देऊ नये. पुढे मूल व्हावे अशी इच्छा असेल, किंवा वजन घटविण्याचा संकल्प चालू असेल, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे इष्ट, कारण नव्या गर्भारपणाने किंवा वजनाच्या चढउताराने सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. चाळिशीच्या आसपासच्या वा त्यापुढच्या स्त्रीने स्तनांची क्ष-किरण तपासणी आधीच करून घ्यावी, आणि घरात कर्करोगाचा इतिहास असल्यास तो न लपविता सांगावा.

दुसरी गोष्ट तंबाखूची, आणि ती आपल्याकडे विशेष जोर देऊन सांगावी लागते. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या देठावर स्तनाग्राचे जीवित अवलंबून आहे तो देठच त्यामुळे कोरडा पडतो. डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले की आपली बाई खरेपणाने ‘नाही’ म्हणते. पण पहाटे चुलीपुढे बसून दातांना लावलेली मिश्री तिला आठवत नाही, किंवा ती सांगण्याचा तिला संकोच वाटतो. मिश्री, तपकीर, तंबाखूचा विडा यांचा परिणाम रक्तवाहिन्यांवर तोच होतो. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर किमान चार-चार आठवडे यांपासून कडकडीत दूर राहिले पाहिजे. आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणल्यावाचून शस्त्राला अंग देऊ नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णेला उभी किंवा बसती ठेवून त्वचेवर रेषा आखल्या जातात, कारण निजलेल्या देहात ओघळ खरा दिसत नाही. संपूर्ण भुलीखाली साधारण दोन ते तीन तास जातात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवितात. पहिले काही दिवस सूज, काळेनिळेपणा व ठणका राहतो. त्यावर साध्या वेदनाशामकांनी निभावते. तारेवाचूनची घट्ट आधार देणारी काचोळी कित्येक आठवडे रात्रंदिवस वापरावी लागते. बसून करण्याच्या कामावर आठवड्या-दोन आठवड्यांत परतता येते. परंतु पाण्याची कळशी उचलणे, मूल कडेवर घेणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे यांस चार ते सहा आठवडे मनाई असते, आणि हा नियम घरातील इतरांनीही पाळला पाहिजे, कारण आपल्या संसारांत बाईने उचलले नाही तर ते उचलायचे कोणी, असा प्रश्न पडण्याची रीत अजून मोडलेली नाही.

पहिल्या पंधरवड्यात आरशात दिसणारे रूप पाहून बहुतेक स्त्रियांचा धीर सुटतो. स्तन फार वर, वरच्या बाजूस फुगीर, खाली चपटे व ताठ दिसतात. उभ्या व्रणाला चुण्या पडलेल्या असतात. ही स्थिती स्थायी नसते. तीन ते सहा महिन्यांत ऊती स्थिरावतात आणि आकार उतरून नैसर्गिक होतो. लाल किंवा काळसर व्रण वर्ष-दीड वर्षात फिका पडतो, पण नाहीसा कधीच होत नाही. आपल्या सावळ्या वर्णाच्या लोकांत व्रण जाड व गडद होण्याचा, कोणाकोणाच्या बाबतीत गाठाळून वाढण्याचा संभव अधिक असतो. ज्या स्त्रीला कान टोचलेल्या जागी वा लसीच्या खुणेवर अशी गाठ आलेली आहे, तिने ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे.

स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या फासळीखालील मज्जातंतूकडून येते; ती काही महिने बधिर राहून बहुधा परत येते, क्वचित येत नाही. दूधनलिका देठाबरोबर राखल्या असतील तर पुढे स्तनपान शक्य असते, पण त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होत नाहीत; त्या निसर्गतःही नसतात. रक्तस्राव, जखम पिकणे, टाके उसवणे, आणि अतिक्वचित स्तनाग्राचा काही भाग मरणे, हे धोके खरे आहेत. काळ पुढे सरकतो तसे शस्त्रक्रिया झालेले स्तनही पुन्हा थोडेथोडे उतरतात. त्वचा बदलत नाही, तिचा ताणला गेलेला भाग तेवढा काढला जातो; हे पूसोंच्या काळी जितके खरे होते तितकेच आजही खरे आहे.

हे सर्व ऐकून कोणी विचारील की इतके व्रण, इतके धोके आणि इतका खर्च पत्करून हे करावे तरी कशाला? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार ज्या स्त्रीच्या देहाचा हा विषय आहे तिचाच आहे. नवऱ्याच्या टोमण्यासाठी, लग्नाच्या बाजारासाठी किंवा पडद्यावरच्या देहाशी बरोबरी करण्यासाठी शस्त्राला अंग देणारी स्त्री बहुधा निराश होते, कारण दुसऱ्याची नजर कोणत्याही शल्याने बदलत नाही. परंतु दोन-तीन बाळंतपणांनंतर, वा पुष्कळ वजन उतरविल्यानंतर, किंवा एका बाजूच्या आजारातून उठल्यानंतर, स्वतःच्या देहात पुन्हा स्वस्थपणे राहता यावे एवढीच जिची आकांक्षा आहे, तिच्या आकांक्षेला हिणविण्याचा हक्क समाजाला नाही. तिने एवढेच करावे : शस्त्रवैद्याला त्याच्या जाहिरातीतील चित्रांऐवजी वर्षभरानंतरचे व्रण दाखवावयास सांगावे, आणि आपल्या बाबतीत देठ कोणत्या बाजूने राखणार व व्रण किती ठेवणार, असे दोन प्रश्न विचारावेत. ज्याला या दोन्हींचे उत्तर सरळ, सविस्तर आणि न चिडता देता येते, त्याच्या हाती आपला देह सोपविण्यास हरकत नाही. आणि ज्याला ते देता येत नाही, त्याच्या दारातून परत फिरण्यात काहीच कमीपणा नाही.